एका वाक्याचं विधेयक

सॉल्टरबीच्या वाचनालयात शनिवारी दहा ते बारा
आमच्या खासदारबाई बसतात
मुलांच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात, कारण मोठ्या टेबलावर
विणकाम मंडळाचा हक्क जुना आहे.
बाई उंच, खुर्ची वीतभर, गुडघे हनुवटीपाशी.
मी शेजारी वही घेऊन. अकरा वर्षं हेच काम :
कोण आलं, काय म्हणालं, कुणाला पत्र टाकायचं.

काल शुक्रवारी लंडनला त्यांचं विधेयक होतं.
मी इथल्या कचेरीत पडद्यावर बघत होते,
सँडविच मांडीवर, कागदातच.
एकच वाक्य, वर्षभर घासून घासून उरलेलं :
कुठलीही बस बंद करण्याआधी
शेवटच्या थांब्यावरच्या माणसांना विचारावं.

समोरच्या बाकावरून एक गृहस्थ उठले.
विरोध नाही म्हणाले, कौतुकच आहे,
आणि बोलू लागले. घोड्यांच्या ट्रामपासून सुरुवात.
मग तिकिटांचे रंग. मग त्यांच्या आत्याची छत्री,
जी एका बसमध्ये राहिली आणि परत मिळाली,
त्याबद्दल समाधान.
सव्वा तास. पाण्याचे दोन पेले.
वेळ मारून नेणं म्हणतात ना,
मी ती मरताना पाहिली. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यातच होतं.
अडीच वाजले. विषय संपला.
बाई कागद धरून उभ्याच,
शटर ओढलेल्या दुकानासमोर पिशवी घेऊन राहावं तशा.

आज पहिला नंबर विल्फ टॅलेन्टायर यांचा.
एकतीस नंबरची बस त्यांच्या फाटकाशी वळायची.
आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चौदा मैलांवर,
आता शेजारणीच्या भाच्यासोबत, मेंढ्यांच्या गाडीतून.
कोटाला वास येतो म्हणून ते आपणहून जरा लांब बसले.
बाईंनी तयारी केली होती, मला माहीत आहे,
येताना गाडीत घोकत होत्या :
खेद, पुढचं अधिवेशन, मंत्रिमहोदयांचं आश्वासन.
त्यातलं काहीच तोंडी आलं नाही.
"हरले मी, विल्फ," म्हणाल्या.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला. "वाचा बघू, काय लिहिलं होतंत."
बाईंनी वाचलं. पुन्हा म्हणाले. पुन्हा वाचलं.
पलीकडे सुयांचा आवाज थांबला होता.
"विचारावं," त्यांनी शब्द तोंडात घोळवला.
"मला विचारलं होतं की.
एक पोरगा आला होता फॉर्म घेऊन, चिखल न लागलेल्या बुटांचा.
अर्धा तास सांगितलं मी. त्याने एका चौकोनात खूण केली,
चहाही घेतला नाही,
आणि बस गेली."
मग कागदावर बोट. "इथे घाला :
विचारावं आणि सांगितलेलं ऐकावं."

मी लिहून घेतलं.
तीन शब्दांसाठी अख्खं वर्ष पुन्हा,
चिठ्ठ्या पुन्हा, नशीब पुन्हा,
आणि लोकांच्या आत्यांकडे छत्र्या तर पुष्कळ असणार.
बाई काही बोलल्या नाहीत. पुढचा नंबर
छपरावरच्या सीगल पक्ष्यांचा होता,
त्यावर वीस मिनिटं गेली.

बारानंतर विल्फना सोडायला मीच गेले.
थांब्यावर वेळापत्रक अजून आहे,
काचेआड, उन्हाने अक्षरं उडालेलं.
"नऊ दहा," ते म्हणाले खिडकीतून,
ओळखीच्या माणसाला रस्त्यात हाक द्यावी तसं.

रविवारी रात्री बाईंचा फोन.
"ऐकणे म्हणजे नक्की काय, याची व्याख्या मागतील ते.
तुझ्याकडे काही आहे का?"

अकरा वर्षांच्या वह्या मी खाली काढल्या.
टेबल भरलं, मग खुर्च्या,
मग स्वयंपाकघराची फरशी.
पहिल्याच पानावर कुणाचा तरी गळका नळ होता,
आणि खाली माझ्याच अक्षरात :
त्या रडल्या, पण नळाबद्दल नाही.